नेटाचं सावलीतलं कुंपण

नेटा डॅलग्लीशने अठ्ठ्याहत्तर वर्षांत एकही रोप स्वतः निवडलं नव्हतं. तशी वेळच कधी आली नाही. तिचा नवरा वॉटी चाळीस वर्षं डनेडिनच्या बागांमधली झुडपांची कुंपणं छाटत होता. दोरी न लावता त्याची रेघ सरळ यायची. घरी झाडांविषयी बोलायचं ते त्यानेच. नेटाने चहा करायचा आणि "छान दिसतंय हं" म्हणायचं.

मग वॉटी विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग मुलीचं नाव, मग सकाळ की संध्याकाळ.

त्याच वर्षी घराच्या दक्षिणेचं, बॉक्स नावाच्या झुडपांचं कुंपण मेलं. त्या देशात सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून दक्षिणेला ऊन असं नसतंच. उन्हाळ्यात घराची सावली, हिवाळ्यात डोंगराची, जमीन कायम ओली. पानांवर बुरशी चढली आणि महिन्याभरात नुसत्या काड्या उरल्या. नेटाने माणूस लावून ते उपटून टाकलं. त्याच्या पलीकडे उतार होता, आणि खाली ओढा.

कुंपण काढल्याच्या चौथ्या दिवशी वॉटी ओढ्यात सापडला. गुडघाभर गार पाण्यात उभा होता, पायात चपला नव्हत्या.

शेजाऱ्याने त्या मोकळ्या जागी लगेच फळ्या ठोकून दिल्या. वॉटी दिवसभर त्या ओरबाडत बसला. नखं तुटली, रक्त आलं. "कोंडलंय मला," तो रडत म्हणाला. "बाई, मी काय केलं हो तुमचं?"

चोपन्न वर्षांच्या संसारात त्याने तिला पहिल्यांदाच 'बाई' म्हणून अहो-जाहो केलं होतं. तिने फळ्या काढायला लावल्या.

पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. पुढच्या अंगणातल्या कुंपणापाशी तो थांबायचा. पानांवरून तळवा फिरवायचा, एखादं पान तोंडात घालायचा आणि मागे वळायचा. झुडपांतून आरपार घुसणं त्याच्या हाडातच नव्हतं.

ती त्याला घेऊन मेरेआना टिपेनेच्या नर्सरीत गेली. मेरेआनाने वॉटीच्या हाताखाली काम केलेलं.

"सावलीत वाढेल असं दे," नेटा म्हणाली. "दाट हवं."

"मग हे यूचं झुडूप घे, आंटी. अंधारातसुद्धा वाढतं."

"हा पानं खातो गं."

मेरेआनाने कुंडीकडे नेलेला हात मागे घेतला. "मग नको बाई. विषारी असतं ते. लॉरेलही तसलंच."

"आणि ते हॉली?"

"काटे बघ त्याचे. हा हात फिरवणार ना त्याच्यावर? कॅमेलिया चालेल, पण त्याची वाट बघता बघता आपण सगळे म्हातारे होऊ."

"मी झालेय आधीच."

दोघी हसल्या. तेवढ्यात वॉटी एका कुंडीपाशी वाकला होता. जाड, तुकतुकीत पानांचं ब्रॉडलीफ. त्याने पान अंगठ्याने पुसलं.

"सावलीत हे येईल," तो म्हणाला. आवाज अगदी पूर्वीचा, कामावरचा. "पण पाय ओले राहिले तर कुजेल. मातीचा वरंबा करा आधी. कोण लावणार आहे?"

"आपण, वॉटी," नेटा म्हणाली.

त्याने तिच्याकडे सभ्यपणे पाहिलं आणि मान डोलावली.

रोपं गाडीत ठेवताना मेरेआना हळूच म्हणाली, "आंटी, खरं सांगू? तिथे हे छातीएवढं व्हायला चार-पाच वर्षं लागतील."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. दुसरं काय लावू, सांग."

मार्चमध्ये वरंबा घालून चोवीस रोपं लावली. हातभर उंच. वॉटीला ती कुंपण वाटतच नव्हती. तो त्यांच्यावरून सरळ पाय टाकून जायचा. म्हणून नेटा खुर्ची टाकून उताराच्या तोंडाशी बसू लागली. अंगावर कोट, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. मे महिन्यात तिकडचा हिवाळा आला, दव गोठायला लागलं, तरी ती बसली.

एका दुपारी ती दारावरच्या पोस्टमनकडे गेली आणि परत आली तर वॉटी गुडघ्यांवर होता. तिने लपवलेली मोठी कातर त्याला कुठेतरी सापडली होती. चोवीसच्या चोवीस रोपं त्याने वीतभर उंचीवर छाटली होती. रेघ सुतासारखी सरळ.

"झालं बाई," तो घाम पुसत म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याचा चेहरा असा फुलला होता. "आता बघा कसं दिसतंय."

"छान दिसतंय हं," नेटा म्हणाली आणि आत जाऊन चहा टाकला. तो उकळून आटला तरी ती ओट्याला धरून तशीच उभी होती.

जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, उतारावरच्या गोठलेल्या गवतावर ती घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. पर्थहून मुलगी आली, तिने कागदांवर सह्या केल्या आणि वॉटीला वृद्धाश्रमात ठेवलं. नेटा कुबडीवर चालू लागली तेव्हा बसने त्याला भेटायला गेली.

तो खिडकीशी बसला होता. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "ब्रॉडलीफ लावलंय दक्षिणेला," ती म्हणाली. "सात रोपं कुजली. बाकीची आहेत."

त्याने विचार केला. "ऊन आहे का तिथे?"

"नाही."

"मग वेळ लागेल हो," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "कोणाला घाई नाही ना?"

"नाही," नेटा म्हणाली. "आता नाही."

घरी आल्यावर तिने सात रिकाम्या खड्ड्यांत माती ओढली. त्या जागी नवी रोपं काही आणली नाहीत.