मधलं नाव

फॉर्म भरायला मला वडिलांनी शिकवलं. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरेच उद्योग करून पाहिले, त्यातला टिकला एकच. रेशनिंग ऑफिसच्या बाहेर स्टूल टाकून लोकांचे फॉर्म भरून द्यायचे. जेमतेम चौथी शिकलेला माणूस, पण अक्षर असं की साहेबलोक सही करण्याआधी एकदा कागद वर धरून बघत. शाळा सुटली की मी त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे.

"आडनाव आधी, मगे सोताचा नाव, मगे बापाशीचा," ते सांगायचे. "बाईमाणूस लगीन झालेला असात तर मधी घोवाचा नाव. आणि चौकट रिकामी सोडू नको गो. रिकामी चौकट दिसली काय सायब कागद परत धाडता."

त्याच शिकवणीवर मला पुढे एका संशोधन विद्यापीठात कारकुनी मिळाली. माझं लग्न झालं तेव्हा ऑफिसात नाव बदलण्याचा फॉर्म बाबांनीच भरला. नव्या आडनावाच्या चौकटीत आडनाव लिहिलं, मधल्या चौकटीत जावयाचं नाव लिहिलं, फुंकर मारून शाई वाळवली आणि कागद माझ्याकडे दिला. स्वतःचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने, मोठ्या सुबक अक्षरात, माझ्या नावातून काढून टाकलं. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं, निदान तोंडावर तरी काही दिसलं नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या विद्यापीठाला अचानक जगाची आठवण झाली. पीएच.डी.ला परदेशी मुलं किती, बाहेरच्या विद्यापीठांशी करार किती, यावर म्हणे आता क्रमांक ठरतो. झालं, दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या स्टेशनरीच्या खोलीला रंग लागला, दारावर आंतरराष्ट्रीय संबंध कार्यालय अशी पाटी आली, टेबलावर वीतभर उंचीचे अकरा झेंडे आले. झेंड्यांबरोबर मीही आले, कारण फॉर्म बिनचूक भरणारी बाई म्हणून माझं नाव होतं. उपकुलसचिव पहिल्याच बैठकीत म्हणाले, "आता आपल्याला ग्लोबल विचार करायचाय." मी मनात म्हटलं, करा बापडे, पण त्या पोरांना चादरी कोण देणार?

चादरी मीच दिल्या. विमानतळावरून आलेल्या मुलांना हॉस्टेलची खोली दाखवणं, परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठी पोलिसांकडे घेऊन जाणं, बँकेत खातं उघडून देणं, डाळ तिखट लागली तर मेसवाल्याशी भांडणं, सगळं माझ्याकडे. करारांवर सह्या करायला मात्र वरचे लोक.

ती इथिओपियाहून आली. तिकडच्या एका विद्यापीठात शिकवत होती, शिष्यवृत्तीवर चार वर्षांसाठी पाठवलेली. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराईड स्वस्तात कसं काढायचं हा विषय. तिच्या गावाकडच्या पाण्याने लहान पोरांचे दात पिवळे पडतात, असं तिने मला पहिल्याच आठवड्यात स्वतःचे दात दाखवून सांगितलं. दोन वर्षांची मुलगी आईकडे ठेवून आली होती. इंग्रजी हळू आणि स्वच्छ बोलायची, म्हणून माझं आणि तिचं जमलं. ऑफिसात सगळे मला ताई म्हणतात, तेव्हा तीही ताई म्हणायला लागली.

विद्यापीठाच्या माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर अजून तिचा फोटो आहे. कुणाची तरी निळी साडी नेसवली होती, हातात चाचणीनळी दिली होती, दोन्ही बाजूंना आपली चार मुलं हसताहेत. त्या चारपैकी एकाचंही नाव तिला माहीत नव्हतं. फोटो झाला आणि ती चौघं कँटीनला गेली. ती साडी बदलायला माझ्या ऑफिसात आली आणि तिथेच बसून तिने डबा खाल्ला. मुलं वाईट नव्हती. त्यांचं आपसात हिंदी-मराठीत चालायचं, थट्टा-मस्करी चालायची, आणि ती आली की सगळी इंग्रजीत येऊन सभ्य व्हायची. असं सभ्य वागणं फार एकटं पाडतं. मला ते माहीत होतं, कारण नवरा घर सोडून गेल्यापासून आमची अख्खी सोसायटी माझ्याशी तशीच सभ्य वागते.

हो, तेही सांगायला हवं. तो पंधरा वर्षांपूर्वी गेला. मुलुंडला राहतो, दुसरं घर केलं आहे. मूलबाळ आम्हाला नव्हतं, घटस्फोट त्याने मागितला नाही, मीही मागितला नाही. कांजूरमार्गचा फ्लॅट तेव्हापासून मीच चालवते, पण खाली गेटजवळच्या बोर्डावर आणि वर दारावर त्याचं नाव आहे. माझ्या पगाराच्या पावतीवर, आधारवर, लाईट बिलावर, सगळीकडे तो माझ्या मधोमध बसला आहे. लोक म्हणायचे, राहू दे, बाईमाणसाला बरं असतं. मी राहू दिलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मेस बंद झाली, हॉस्टेल रिकामं झालं. मी तिला घरी घेऊन आले. येताना तिने कॉफीच्या कच्च्या बिया आणल्या होत्या. माझ्या लोखंडी तव्यावर तिने त्या भाजल्या, धूर घरभर केला, मग खलबत्त्यात कुटल्या. संध्याकाळी वारा फिरला की आमच्याकडे डम्पिंगच्या कचऱ्याचा वास येतो, खिडक्या लावून घ्याव्या लागतात. त्या दिवशी लावल्या नाहीत. कॉफी तीनदा प्यायची असते, ती म्हणाली, एका कपावर उठून जाणं म्हणजे अपमान. दुसऱ्या कपाला तिने सांगितलं की नवरा दुसऱ्या गावी निघून गेला. फोनवरच कळवलं, तेही तिच्या आईला. तिसऱ्या कपाला मी माझं सांगितलं. दोघी रडलो नाही. शंकरपाळ्या खाल्ल्या.

पुढची दोन वर्षं ती महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. खरं सांगते, त्या रविवारची मी सोमवारपासून वाट बघायचे.

चौथ्या वर्षी तिचं सगळं पार पडलं. प्रबंध झाला, तोंडी परीक्षा झाली, त्यात एक परीक्षक तर परदेशातून स्क्रीनवर होता. शिष्यवृत्ती आणि व्हिसा एकदमच संपत होते, बारा दिवसांनी विमान होतं. जायच्या आत पदवीचं प्रमाणपत्र हातात हवं होतं, कारण तिकडची नोकरी त्याच्यावर अडकली होती. महिनाअखेर मूळ कागद दाखवला नाही तर तिची जागा दुसऱ्याला देणार होते. मग मुलगी, आई, घर, सगळंच वाऱ्यावर.

परीक्षा विभागाने तपासायला कच्चा मसुदा पाठवला. ती तो घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"ताई, मधे हे नाव कुणाचं?"

मी चष्मा लावून पाहिलं. "तुझ्या नवऱ्याचंच ना?"

"ते इथे का आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. लग्न झालेली बाई, मधे नवऱ्याचं नाव, यात विचारण्यासारखं काय? मग ती समोर बसली आणि लहान मुलाला सांगावं तसं तिने मला सांगितलं. त्यांच्यात आडनाव नसतंच. आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. लग्न झालं तरी त्यात काही हलत नाही. "तो माझ्या घरात होता तेव्हाही माझ्या नावात नव्हता," ती म्हणाली. "आता घरातही नाही, आणि इथे आलाय." पासपोर्टवर अर्थात वडिलांचंच नाव होतं. ओळखपत्रावर आमच्याकडे पहिलं आणि शेवटचं एवढंच छापतात, म्हणून चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

उपकुलसचिव म्हणाले, विद्यार्थिनीने फॉर्म चुकीचा भरला असणार. नावात बदल हवा तर प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, मग समिती. तीन महिने कुठे गेले नाहीत. "आणि हे बघा, पुढच्या आठवड्यात मूल्यांकनाला बाहेरची टीम येतेय. परदेशी विद्यार्थ्यांच्या फायलीत घोळ आहे असं आपणच कसं लिहून द्यायचं?"

मी तिची फाईल काढली. प्रवेशाचा मूळ फॉर्म सगळ्यात खाली होता. तिने मधल्या चौकटीत वडिलांचं नाव ठसठशीत लिहिलं होतं. त्यावरून एक सरळ, स्वच्छ रेघ मारलेली, वर नवऱ्याचं नाव, शेजारी दुरुस्ती करणाऱ्याची छोटी सही. अक्षर सुंदर होतं. माझंच होतं. विवाहित असं तिने खाली लिहिलेलं दिसलं, नवऱ्याचं नाव तातडीच्या संपर्कात सापडलं, आणि बिचारीला आपला फॉर्म कळला नसेल म्हणून मी तिला न विचारता तो नीट करून ठेवला होता.

एका बापाचं नाव मी पट्टी धरून खोडलं होतं, आणि वर शहाणपणा केल्याचं समाधान मानलं होतं.

चूक ऑफिसची असेल तर दुरुस्ती ऑफिसातच होते, दोन दिवसांत होते, फक्त ती कुणाची ते नावानिशी लिहून द्यावं लागतं. मी टिपण लिहिलं. विद्यार्थिनीने दिलेली माहिती बरोबर होती, ती मी स्वतः, विचारणा न करता बदलली, चूक पूर्णपणे माझी आहे. उपकुलसचिवांनी ते दोनदा वाचलं. "रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय तुमचं. हे सर्व्हिस बुकात जाईल, माहितीये ना?"

"माहितीये, सर."

"कशाला एवढी वाट लावून घेताय स्वतःची?"

मी पेन त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी सही केली, मला कारणे दाखवा नोटीस दिली, आणि विमानाच्या तीन दिवस आधी प्रमाणपत्र आलं. तिचं, तिच्या वडिलांचं, तिच्या आजोबांचं नाव, त्याच क्रमाने. तिने ते मोठ्याने वाचलं, मग कागद छातीशी धरला आणि ऑफिसात सगळ्यांसमोर मला मिठी मारली. टेबलावरचे दोन झेंडे पडले.

शेवटच्या रविवारी ती कॉफी करायला आली. पहिल्या कपालाच विचारलं, "ताई, तुझ्या वडिलांचं नाव काय?"

किती वर्षांनी कुणी विचारत होतं. मी सांगितलं. आजोबांचं विचारलं, तेही सांगितलं. आजोबा कोकणातून कधी बाहेर पडले नाहीत, त्यांचं नाव एका इथिओपियाच्या बाईच्या तोंडून माझ्या स्वयंपाकघरात ऐकताना मला हसू आलं. तिने तिन्ही नावं सलग म्हणून पाहिली, माझं, बाबांचं, आजोबांचं. "चांगलं वाटतं ऐकायला," ती म्हणाली. मी म्हटलं, कप दे, दुसरा ओतते.

ती गेल्यावर रविवार फार मोठा झाला. मी भाजी निवडते, चारकोपला बहिणीला फोन करते, तिच्या सुनेची तक्रार ऐकते, तरी चार वाजत नाहीत. तवा मी घासला होता, पण कढत झाला की त्याला अजून कॉफीचा वास येतो, किंवा मला तसं वाटतं. तिला नोकरी परत मिळाली. मुलगी आता शाळेत जाते, तिचे फोटो ती मला पाठवते. पण फोटोला काय उत्तर द्यायचं असतं? मी नमस्काराचे हात पाठवते.

मग पाच-सहा महिन्यांनी तिचा मेसेज आला. "ताई, कॉफी पाठवली होती. पार्सल परत आलं. तू घर बदललंस का?" सोबत पार्सलचा फोटो. कांजूरमार्गचा पत्ता बरोबर, पिनकोडसकट, विंग आणि फ्लॅटचा नंबर तेवढा राहिलेला. वर मोठ्या अक्षरांत माझं नाव, बाबांचं नाव, आजोबांचं नाव. आडनाव नाही, नवरा नाही. आणि त्या तीन नावांवर आडवा शिक्का, या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही.

मी खाली गेले. आमचा वॉचमन बारा वर्षांपासून गेटवर आहे, कोणाचा कुरियर कोणाकडे ठेवायचा हे त्याला तोंडपाठ आहे.

"आला होता ना मॅडम पोस्टमन, दोन येळा आला," तो म्हणाला. "फॉरेनचं पार्सल होतं. मी पूर्ण बोर्ड बघितला, ए विंग, बी विंग, भाडेकरूंचं रजिस्टर पन बघितलं. ह्या नावाची कोन बाईच नाय आपल्याकडे. मीच बोललो त्याला, परत घेऊन जा. का ओ, तुमच्या वळखीची होती काय?"

"हो," मी म्हटलं. "होती ओळखीची."

"मग आधी सांगायचं ना मॅडम. ठेवून घेतलं असतं."

वर येऊन मी तिला लिहिलं, घर तेच आहे, पुन्हा पाठव, नावही तेच लिही, मी खाली सांगून ठेवते.

त्याला आता तीन आठवडे झाले. पार्सल तिकडून निघालं आहे, असं तिने कळवलं. वॉचमन रोज सकाळी नमस्कार करतो, मी बोर्डासमोर थांबते, पाणी कधी येणार ते विचारते आणि स्टेशनकडे चालायला लागते. खाली मी अजून सांगितलेलं नाही.