जेवताना ऐकलेली पुस्तकं

रत्नागिरीत एके काळी माझी मोठा वाचक म्हणून ख्याती होती. ती कशी मिळाली आणि कशी गेली, हे सांगायला आता हरकत नाही. ती पाहणारी माणसं बहुतेक गेली, आणि जी उरली आहेत त्यांना हे आधीच ठाऊक आहे.

सन तिसाच्या आगेमागे मी कलेक्टर कचेरीत कारकून होतो आणि गावातल्या वाचनालयाचा सभासद होतो. रोज वाचायचं, असा माझा पक्का निश्चय होता. निश्चयाला लागणारी सामग्रीही मी जमवली होती. सुताराकडून पुस्तक टेकवायला तिरकी फळी करून घेतली, आरामखुर्चीला नवं कापड लावलं, कंदिलाची काच रोज स्वतः पुसायला लागलो. पहाटे उठून वाचावं म्हटलं तर चहा झाल्याशिवाय डोळे उघडत नसत, आणि चहा झाला की कचेरीची घाई. संध्याकाळी मांडवीच्या बंदरावर फेरी मारलीच पाहिजे, कारण तिथे आमच्यातली शहाणी मंडळी जमत. जेवण झालं की मी खुर्चीत बसे, पुस्तक फळीवर टेकवी आणि दुसऱ्या पानाच्या आत झोपी जाई. वाचायला वेळ मिळत नाही, अशी तक्रार मी जितक्या वेळात केली तितक्यात दोन कादंबऱ्या सहज वाचून झाल्या असत्या.

मी आणलेली पुस्तकं वाचायची ती माझी बायको. तिच्याकडे फळी नव्हती, खुर्ची नव्हती. भाताला आधण येईस्तोवर ती वाचायची. आंबोशी वाळत घातली की एका हातात कावळे हाकायची काठी आणि दुसऱ्या हातात पुस्तक. संध्याकाळी मी पाटावर बसलो की वाढता वाढता ती गोष्ट पुढे सांगायची. कुळथाच्या पिठल्यावर नायक तुरुंगात जाई आणि ताकभातावर सुटून येई. ती इतकं बारकाईनं सांगायची, की पुस्तक मीच वाचलंय असं मला वाटू लागलं. एकदा असं वाटलं की बंदरावर बोलायला कितीसा वेळ लागतो?

पुस्तकं परत जात तेव्हा पानांवर हळदीची बोटं असत, कुठे आमसुलाचा डाग. वाचनालयातल्या ग्रंथपालांनी एकदा ते पाहून विचारलं, तेव्हा मी नम्रपणे म्हटलं की मला जेवतानासुद्धा पुस्तक खाली ठेववत नाही. ते गहिवरले. तेव्हापासून नवीन पुस्तक आलं की आधी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवू लागले.

आमच्या घरात आणखी एक माणूस होतं. बायकोची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा गेला, सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं आणि पुन्हा चौकशी केली नाही. ती कधी समोर येत नसे. मी माजघरात जेवत असलो की ती आत स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलेली असे, तिच्या लाल आलवणाचा पदर तेवढा दाराआडून दिसे. तिला अक्षरओळख नव्हती. खरं सांगायचं तर ती तिथे आहे हे माझ्या लक्षातही राहत नसे.

त्या वर्षी चैत्रात एका तरुण विधवेची कादंबरी आली. पंधरा दिवस ती आमच्या जेवणात चालली. शेवटच्या दिवशी बायकोनं सांगितलं, की नायिका घर सोडून पुण्याला जाते, तिथे बायकांच्या शाळेत राहून शिकते आणि पुढे स्वतःच मास्तरीण होते. मला शेवट फार आवडला. मग बायकोनं विचारलं, की इथून पुण्याला कसं जातात? मी खूश झालो. भूगोल हा माझा आवडता विषय. होडीनं बोटीपर्यंत, बोटीनं मुंबई, तिथून आगगाडी, घाटातले बोगदे, सगळं मी हात वाळेस्तोवर सांगत बसलो. आत तांदूळ निवडायचा आवाज थांबला होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

थोड्याच दिवसांत वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता. त्यात याच कादंबरीवर एखाद्या व्यासंगी सभासदानं बोलावं असं ठरलं आणि ग्रंथपालांनी माझं नाव सुचवलं. मी आढेवेढे घेतले, अर्थात कमीच. धोतर, कोट, पगडी, सगळं परीटघडीचं करून मी उभा राहिलो. अध्यक्षस्थानी एक निवृत्त सबजज्ज होते. मी लेखकाचं धाडस वाखाणलं. इतर लेखक अशा नायिकेला मारून मोकळे होतात, यांनी मात्र तिला जगवलं, शिकायला पुण्याला पाठवलं, असं मी हात उंचावून म्हणालो. टाळ्यांसाठी थांबलो. टाळी एकही पडली नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि आपण कोणत्या पुस्तकाविषयी बोलत आहात, असं अगदी सौम्यपणे विचारलं. कुणीतरी कपाटातून प्रत आणली. शेवटचं पान मोठ्यानं वाचलं गेलं. नायिका नदीत जीव देत होती. पुणं त्या पुस्तकात कुठेच नव्हतं. पुढच्या रांगेतला एकजण हसला आणि मग अख्खी सभा हसली. ग्रंथपाल तेवढे हसले नाहीत, ते हळदीचे डाग आठवत असावेत.

मी अत्तरगुलाबालाही थांबलो नाही. तरातरा घरी आलो, पगडी खुंटीला न लावता फेकली आणि बायकोवर ओरडलो. पुस्तकात ती मरते, नदीत उडी टाकून मरते, छापलंय तसं. मग ही पुण्याची शाळा कुठून आणलीस? चारचौघांत माझी शोभा झाली. ती मला डोळ्यांनी गप्प करत होती, स्वयंपाकघराकडे बघत होती. पण रागावलेल्या माणसाला खुणा कळत नाहीत, आणि मला तर एरवीही कळत नसत. मी नदी, उडी, मरण, सगळं पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "गोष्ट मी तुम्हांला सांगतच नव्हते."

मला समजायला वेळ लागला. इतकी वर्षं मी पाटावर मान डोलावत बसलो होतो, आणि गोष्ट माझ्या डोक्यावरून दाराआड जात होती. मी तिथे फक्त जेवत होतो.

दारात आलवण हललं आणि मेहुणी बाहेर आली. पहिल्यांदाच माझ्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता ही रडणार आणि त्याला कारण मी. आपण आत्ता काय मोडलं ते मला तेव्हा कळलं.

ती म्हणाली, "भावोजी, पुस्तकातली मेली तर मेली. तुम्ही बोट सांगितलीत ती खरी ना?"

बोट खरी होती. त्या सगळ्या गोष्टीत मी घातलेली तेवढीच एक गोष्ट होती आणि ती खरी होती. मी हो म्हटलं. शाळाही खरी आहे का, हे बायकोनं विचारलं, कारण तिलाही ते नक्की ठाऊक नव्हतं. तिनं कुठे मासिकात ओझरतं वाचलं होतं. मी दुसऱ्या दिवशी तोंड लपवत अध्यक्षांच्याच घरी गेलो. गावात त्यांच्याइतकं पुण्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. ते हसले नाहीत. शाळा आहे, राहायची सोय आहे, असं म्हणाले आणि ओळखीही सांगितल्या.

लोक काय म्हणतील, ही एरवी माझी मोठी धास्ती. पण नाव आधीच घालवून बसलो होतो. बंदरावर मंडळी मला पाहून, काय, आज कुणाला जगवलंत, असं विचारत. त्यामुळे ती धास्ती उरली नव्हती. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत मी मेहुणीला घेऊन निघालो. वाटेत वाचायला तीच कादंबरी घेतली होती. जयगड मागे पडायच्या आत मला बोट लागली आणि मी आडवा झालो. मेहुणी मात्र कठड्याशी बसून किनारा बघत राहिली.

परतलो तेव्हा हवेत पावसाळी दमटपणा आला होता. संध्याकाळी पाटावर बसलो. स्वयंपाकघराच्या दाराआड कुणी नव्हतं. बायको पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि वाढायचं विसरली. मी सांगायला लागलो. शाळेचं फाटक, मेहुणीनं पाटीवर गिरवलेलं पहिलं अक्षर, तिच्या शेजारी बसलेली तिच्याच वयाची दुसरी मुलगी, आणि मी निघताना मेहुणीनं मागे वळूनसुद्धा न पाहिलेलं. बायको मधे मधे नुसतं, पुढे, असं म्हणत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा गोष्ट सांगितली, आणि त्यात पदरचा एक शब्दही घालावा लागला नाही.