हिलाल वकील आणि बेबाबाईचं कोपर

धुळ्याच्या कोर्टात हिलाल झुलाल पाटलांना सगळे ‘ॲक्सिडेंटवाले वकील’ म्हणत. आग्रा रोडवर ट्रक उलटला की दोन-चार दिवसांत जखमींचे नातेवाईक त्यांचं टेबल शोधत यायचे. जमिनीच्या वाटण्या, भांडणतंटे यांतलं काही ते घेत नसत. अपघाताचे दावे तेवढे घ्यायचे, हे त्यांचं लहानपणीच ठरलं होतं.

वडील झुलाल भडगावजवळच्या खेड्यातले. हंगामात जळगावच्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जात. हिलाल दहा वर्षांचा असताना यंत्रात अडकलेला कापूस काढताना त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला. भरपाईच्या सुनावणीला आईबरोबर हिलालही गेला होता. मालकाच्या वकिलाने विचारलं, “यंत्राची जाळी कोणी काढली?”

“मीच काढी,” झुलाल म्हणाले.

“झालं,” म्हणून वकील खाली बसला.

जाळी काढायला मुकादमाने सांगितलं होतं. नाही काढली तर उद्यापासून येऊ नको, असंही बजावलं होतं. पण ते कोणी विचारलं नाही आणि आपण होऊन बोलावं हे झुलालांना सुचलं नाही. दावा फेटाळला गेला. त्यानंतर बाप ओट्यावर बसून डाव्या हाताने बिडी ओढायचा आणि कोणाशी फारसं बोलायचा नाही. पोराने एवढं मनाशी बांधून ठेवलं, की खरं सांगून भागत नाही. काय सांगायचं ते आधी शिकवावं लागतं.

एक्याऐंशी साली सनद मिळाली आणि हिलालांनी शिकवायला सुरुवात केली. साक्षीदाराला समोर बसवून ते विमा कंपनीच्या वकिलासारखे खेकसत. “विचारलं तेवढंच बोलायचं. लंगडत असशील तर कोर्टात जरा जास्त लंगड. दुखत असेल तर दुखतं म्हण, लाजू नको.” भरपाई मिळू लागली. नाव पार साक्री, पिंपळनेरपर्यंत पोहोचलं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात पिंपळनेरचा भिकन नावाचा शेतकरी बायकोला घेऊन आला. बेबाबाई. साक्रीच्या बाजाराला जाताना टेम्पो ट्रकवर आदळला आणि तिचं उजवं कोपर फुटलं. धुळ्यातल्याच चार नंबरच्या गल्लीतल्या हाडाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं होतं. भिकन म्हणाला, “वकीलभाऊ, पंचक्रोशीत लगीन असो नहीतं बारसं, मांडे हिन्याच हातना.” पुरणाचा गोळा भरलेली कणीक दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत पसरवायची आणि खापरावर टाकायची, ही बेबाबाईची कला. हिलालांनी लगेच लिहून घेतलं. कोर्टात हे चांगलं दिसणार होतं.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“रोज व्यायाम करना, म्हनतस. सहा महिनामा हात उघडी जाई.”

हिलालांनी पेन खाली ठेवलं. “अपंगत्वाचा दाखला मिळेपर्यंत व्यायाम बंद ठेवा, अक्का. हात उघडला तर दाखल्यात टक्के उरणार नाहीत. महिनाभराचा प्रश्न आहे.”

बेबाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

महिन्याचे चौदा महिने झाले. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली. नवे आले ते रजेवर गेले. विमा कंपनीने आपल्या डॉक्टरकडून तपासणी मागितली. दर तारखेला बेबाबाई पिंपळनेरहून एसटीने यायची, हात पदरात धरून बाकावर बसायची आणि परत जायची. अखेर दाखल्यावर पंचेचाळीस टक्के आले. हिलालांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. आता व्यायाम सुरू करा, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

एक्याण्णवमध्ये निकाल लागला. त्या वर्षी धुळ्यात एवढी भरपाई कोणाला मिळाली नव्हती. भिकन पाया पडू लागला. बेबाबाई बाजूला उभी होती. तिने विचारलं, “आते व्यायाम सुरू करू का, भाऊ?”

आनंदाच्या भरात हिलाल स्वतःच दोघांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कोपर दाबून, वळवून पाहिलं. ते अर्ध्यावर अडून राहिलं. “हा सांधा कायमचा आखडलाय, बाई. आता काही होणार नाही. व्यायाम सोडायला कोणी सांगितलं तुम्हाला?”



“कोनीच नही,” बेबाबाई म्हणाली. “मनाच आळस.”

डॉक्टर तिच्यावर चिडले. खेड्यातल्या लोकांना अक्कल नसते, वगैरे बोलले. ती खाली बघत ऐकून घेत राहिली. हिलाल डॉक्टरांची फी मोजू लागले.

दोन महिने त्यांनी कसेबसे काढले, मग पिंपळनेरला गेले. भिकनने त्यांना नवी विहीर दाखवली. “हाई बठ्ठी तुम्हनी कृपा,” म्हणून शेजाऱ्यांना गोळा केलं. लोक हात जोडत होते आणि हिलालांना जागीच गाडून घ्यावंसं वाटत होतं. चहा घेऊन बेबाबाई आली. डाव्या हाताने कप ठेवू लागली तेव्हा ते हळूच म्हणाले, “अक्का, चूक माझी होती. तुमचा हात मी घालवला.”

“माले ठाऊक शे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. “दुसरा कोनले आते असं सांगू नका.”

त्यांनी पुन्हा कोणाला व्यायाम सोडायला सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी चिंधा नावाचा हमाल आला, गुडघा मोडलेला. हिलालांनी त्याला रोज व्यायाम करायला लावला, कोर्टाच्या व्हरांड्यात चालवून पाहिलं. गुडघा छान वाकू लागला. दाखल्यावर आठ टक्के आले.

आठवडाभरात चिंधा कागद मागायला आला. “राग मानू नका साहेब. पण कोर्टात एक नवा वकील आलाय, तो चाळीस टक्के काढून देतो म्हणतो.”

“मग तो तुझा पाय पुन्हा मोडेल,” हिलाल म्हणाले.

चिंधाला वाटलं, साहेब चेष्टा करतायत. तो हसला, कागद पिशवीत घातले आणि झपाझप पायऱ्या उतरून गेला.

नव्वदचं दशक सरेपर्यंत हिलालांच्या टेबलाशी तुरळकच कोणी येई. नवा वकील त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता.