कर्नलच्या मापाचं ठाणं

रोमुलो कायुबाला हुद्द्यांची शिसारी आली ती उतारवयात, आणि तीही रोज सकाळी, ड्यूटीची यादी लिहिताना. मोहोसच्या मैदानातल्या त्या नदीकाठच्या ठाण्यात त्यानं सव्वीस वर्षं काढली होती, शेवटची नऊ सुभेदार म्हणून. ठाणं कॅप्टनचं. तेवीस शिपाई आणि एक तराफा. पलीकडच्या गावांना ये-जा करायला तेवढा एकच आधार. पावसाळ्यात नदी चढली की तराफ्याच्या दोरावर चार माणसं लागतात, हे त्याला बापानं लहानपणीच शिकवलं होतं.

मग राजधानीत कर्नलांचं पीक आलं. दोन वर्षं ठाणं सांभाळल्याशिवाय कर्नलचा जनरल होत नाही, असा नियम. आणि कर्नल उदंड, ठाणी मोजकी. शहाण्यांनी तोड काढली. कर्नलला साजेसं ठाणं नाही ना? मग ठाण्यालाच कर्नलचं करा! कागदावर एक शब्द खोडला, दुसरा लिहिला. शिपाई तेवीसच राहिले.

कर्नल आरांसिबिया आले ते उभा जन्म कचेरीत घालवून. आल्या आल्या त्यांनी हुद्द्याला शोभेलशी माणसं मागितली. आचारी, धोबी, दाराशी दोघं, बाईसाहेबांच्या पोपटांना एक. गाडी चालेल असा रस्ता नव्हता, तरी ड्रायव्हर हवाच.

"साहेब, कॅप्टनसाहेबांना एक माणूस पुरायचा," रोमुलो म्हणाला.

"म्हणून तर ते कॅप्टनच राहिले, कायुबा!"

पहारा, सरपण, आजारी अशी नावं वजा होता होता तराफ्याला दोघंच उरायची. फेब्रुवारीत नदी फुगली. रोमुलो तिसऱ्यांदा विनवायला गेला.

"निदान पोपटवाला तरी द्या, साहेब. दोर दोघांना आवरत नाही."

"माणसं भरपूर आहेत, कायुबा. तुमच्याकडे शिस्त नाही."

त्या सकाळी यादीत वीसेन्ते मुइबाचं नाव होतं. तो शिपाई हसत म्हणाला, "सुभेदार, आज मला पोपट द्या की! चावतात मेले, पण बुडवत तरी नाहीत." रोमुलोनं त्याला शिवी हासडली आणि पिटाळलं. दुपारी दोर हातातून सुटला. चौथ्या दिवशी मुइबा सापडला, तीन वळणं खाली, गाळात. त्याचं नाव आपणच लिहिलं होतं, हे रोमुलोच्या मनातून जाईना.

चौकशी झाली. ठाण्यात वरिष्ठांची देखरेख कमी पडते, सबब कर्नलच्या हाताखाली एक लेफ्टनंट कर्नल नेमावा, असं ठरलं. तोही आला, घोडा घेऊन. त्याला तीन माणसं लागली. माणूस मेला, तर त्याच्या मढ्यावर यांनी आणखी एक खुर्ची मांडली! रोमुलोनं ताटातला मसाको, कुटलेल्या केळ्यांचा तो गोळा, कुत्र्यापुढे सारला.

दुसऱ्या सकाळी कितीही ओढाताण केली तरी तराफ्याला एकच नाव उरलं. त्यानं ते लिहिलं, आणि त्याखाली स्वतःचं.

कर्नल यादी बघून लाल झाले. "सुभेदारानं दोर ओढायचा? हुद्द्याची काही अब्रू आहे की नाही?"

"आहे ना, साहेब. मुइबाच्या मढ्याला मासे लागले होते. त्याला हुद्दा नव्हता, म्हणून कुणाची अब्रू गेली नाही."

एवढं बोलून तो नदीकडे चालू लागला. वय त्रेपन्न, गुडघे कामातून गेलेले. पाणी काल होतं त्याहून वर आलं होतं, आणि दोरावर आजही माणसं दोनच होती.