हितंच हाय पाणी!

भोरला आमच्या संस्थेचं ऑफिस दोन खोल्यांचं. एकीत फायली, दुसरीत आम्ही तिघं: सर, ड्रायव्हर बबनराव आणि मी. फायली निदान कपाटात मावतात. किस्से मावत नाहीत, म्हणून ते चहाबरोबर बाहेर काढावे लागतात!

आमचं काम सांगायला सोपं. गावाची अडचण परदेशातल्या लोकांना दाखवायची आणि त्यांच्या मदतीने सोडवायची. वेल्ह्याच्या डोंगरावरच्या एका धनगरवाड्याला नळ हवा होता. बायका खालच्या झऱ्यावरून हंडे वाहायच्या, त्यांच्या माना कायमच्या आखडल्या होत्या. पण ही अडचण त्या कुणाला दिसू देतील तर शपथ!

* * *

सर म्हणाले, "फोटो आणा. कष्ट दिसले पाहिजेत."

मी कॅमेरा काढला आणि सगळ्या बायका घरात पळाल्या. अर्ध्या तासाने आल्या त्या लग्नातले शालू नेसून, नाकात नथ, डोक्यावर चिंचेने घासलेले लख्ख हंडे! वाडीत शेवटचा शब्द हौसामावशींचा. त्यांना म्हटलं, "मावशी, रोजचं लुगडं नेसा की."

"आन् तिकडली मान्सं काय म्हंतील? न्हाई, ह्योच फोटू काड!"

फोटो गेला. आठ दिवसांनी परदेशातून उत्तर आलं, "अभिनंदन! यातली नवरी कोणती?"

* * *

मग फॉर्म भरायचं ठरलं. मी दारोदार विचारत सुटले, "तुमच्या अडचणी काय?"

"काय न्हाई बाई. द्येवाच्या दयेनं सगळं ब्येस हाय. तुमी च्या घ्या."

दारात आलेल्या माणसापुढे रडगाणं गायचं म्हणजे त्यांना लाज. प्रत्येक घरी हेच उत्तर, प्रत्येक घरी चहा! सरांनी फॉर्म चाळले आणि म्हणाले, "नळाचं सोडा. आपणच तिकडे राहायला जाऊ!"

* * *

शेवटी पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेच्या मार्थाबाई स्वतः पाहणीला आल्या. त्यांच्या 'हो'वर नळ अडलेला.

वाटेत उत्रोलीची हिरवीगार भातखाचरं बघून त्यांनी विचारलं, "मागास भाग कुठे आहे?"

"पुढे आहे, पुढे आहे," सर घाईघाईने म्हणाले.

पुढे घाटात गाडी थांबवली, तिथे एक मेंढपाळ दगडावर उभा राहून मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. तेवढ्या एका दगडावरच रेंज येते. मार्थाबाईंना पाहून त्याने फोन ठेवला आणि मला विचारलं, "ह्यांच्याकडं लई थंडी असती म्हनं. सोय काय करत्यात?"

मी भाषांतर करेपर्यंत त्याने खांद्यावरची घोंगडी काढून बाईंच्या अंगावर टाकलीसुद्धा! "ऱ्हाऊ द्या त्यास्नी. आमच्याकडं दुसरी हाय."

बबनराव गाडी पुन्हा सुरू करता करता म्हणाले, "सर, मदत उलटीच चाललीय!"

* * *

वाडीत तर कहर. पाय धुवायला गरम पाणी, आंघोळीला पिंप भरून पाणी, अंगणात सडा. बायकांनी पहाटेपासून खेपा घातल्या होत्या. मार्थाबाई म्हणाल्या, "इथे पाणी तर भरपूर दिसतंय!"

सर पांढरेफटक पडले. "मावशी, पाणी किती लांब आहे ते सांगा यांना!"

"लांब कुठलं? हितंच हाय, ह्ये काय खाली."

सरांनी कपाळाला हात लावला. मार्थाबाई मात्र उठल्या. "हितंच आहे ना? मग बघून येऊ."

निघालो. प्रत्येक वळणावर बाई विचारायच्या, "अजून किती?" आणि मावशी म्हणायच्या, "हितंच!" उतरायला पाऊण तास लागला. चढताना बाई चारी हातापायांवर, आणि मावशी डोक्यावर दोन हंडे सांभाळून एका हाताने त्यांना मागून रेटत होत्या. वर आल्यावर मावशींनी आणलेल्या हंड्यातलं पाणी आधी बाईंनाच दिलं.

जीपमध्ये बाई एकच वाक्य बोलल्या, "नळ मंजूर."

* * *

वर्षभराने मार्थाबाई नळ बघायला परत आल्या. तोवर त्यांना मराठीतला फक्त एकच शब्द येत होता. मावशींच्या ओसरीवर त्यांनी बूट काढले, पाय पसरले. मग मी विचारलं, "मावशी, बाईंना नळ बघायचाय. कुठे बसवलाय?"

मावशींनी हसून घराच्या मागे हात केला. "ह्ये काय, हितंच हाय!"

मी भाषांतर करायच्या आत मार्थाबाईंनी मुकाट्याने बूट ओढले आणि नाड्या घट्ट आवळायला लागल्या!