अर्थ नसलेली जीप

मामंजींच्या जीपमध्ये बिघाड असा काही नव्हता, म्हणून मी ती दुरुस्त करायला घेतली.

मामंजी म्हणजे माझे सासरे. म्हैसूरच्या अग्रहारात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. घराण्याला इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या, की घरातल्या मराठीत कन्नड किती आणि मराठी किती हे आता त्यांनाही सांगता येत नाही. मी सातारची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मला 'सुम्ने बस गं' म्हणायच्या आणि मला वाटायचं, आत सुमन नावाची कोणी आहे, तिला बसवतायत. नंतर कळलं, सुम्ने म्हणजे उगाच, काही न करता. हा शब्द मी वेळीच मनावर घेतला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

जीप जुनी, डिझेलची. कूर्गच्या कॉफीमळ्यांवर मजुरांचे गणवेश पोहोचवायला मामंजींनी ती तरुणपणी घेतली. चढ, ओढे, चिखल, तिने सगळं पाहिलेलं. तिच्या दिव्यांनी आपल्याला रस्ता दिसत नसे, पण काहीतरी येतंय एवढं समोरच्याला कळत असे. हॉर्न दाबला की तेही मिणमिणायचे, म्हणजे दोन्हींपैकी एक काय ते निवडायचं. तिचं वायरिंग तीस वर्षं बसप्पा नावाचा इलेक्ट्रिशियन सांभाळत होता. जिथे चिकटपट्टी संपली होती तिथे त्याने कोटाच्या अस्तराची पट्टी गुंडाळली होती. (तीही आमच्याच दुकानातली.) हे सगळं गबाळं होतं, पण चालत होतं. मला नेमकं हेच सहन होईना.

मामंजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि जीप चालवायचं काम माझ्याकडे आलं. माझा नवरा मुरली याला गिअर आणि मी, दोन्हींची भीती वाटते. अग्रहारात गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून ती शहराच्या कडेला, बोगादी भागातल्या आमच्या घरी आली. रोज सकाळी खिडकीतून ती मला दिसे, आणि मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे हे मला रोज सकाळी आठवे. पदवी घेतल्यापासून सोळा वर्षं मी कॉम्प्युटरसमोर बसून काढली होती. एवढ्या काळात विजेशी माझा प्रत्यक्ष संबंध आला तो मोबाइलच्या चार्जरपुरता. पण ज्ञान कुठे जातं, अशी माझी समजूत होती.

मी जाहीर केलं, की जीपचं सगळं वायरिंग नवीन होणार. मोठा अल्टरनेटर, दोन बॅटऱ्या, फ्यूजची नवी पेटी, प्रत्येक गोष्टीला रिले नावाचा वेगळा आपोआप चालणारा स्विच, पुढे एलईडी दिव्यांची लांब पट्टी आणि ट्रकला शोभेल असा जोडहॉर्न. सासूबाई म्हणाल्या, "सुम्ने असू दे की गं. चालतीय न्हवं ती?" मी त्यांना व्होल्टेज ड्रॉप समजावून सांगितला. त्या उठून भाजी निवडायला गेल्या.

बसप्पा स्वतःहून आला होता, मदत करतो म्हणाला. मी त्याला माझा आराखडा दाखवला, चार रंगांत काढलेला आणि लॅमिनेट केलेला. त्याने तो सुलट पाहिला, मग उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं. कॉफी संपवली. जाताना तो मामंजींना कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. मी विचारलं तर मामंजी म्हणाले, फोन चालू ठेवा असं सांगून गेला.

तीन रविवार मी जीपखाली होते. जुन्या वायरींचा भारा बाहेर काढला, तेव्हा तो एखाद्या घारीच्या घरट्याएवढा झाला. मग नव्या वायरी, एकसारख्या अंतरावर बांधलेल्या, सरळ, दृष्ट लागावी अशा. एवढं देखणं काम गंजक्या लोखंडावर कसं बसवायचं, म्हणून मी चॅसीला आणि आतल्या पत्र्याला गंज न धरणारा काळा रंग दिला. एक हात दिला, समाधान झालं नाही. दुसरा दिला. तिसरा दिला. मग त्या तुळतुळीत रंगावर सगळे बोल्ट आवळले.

अंगणात चाचणी घेतली. एका फटक्यात एंजिन सुरू. दिव्यांची पट्टी लागली तशी समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी पडदा ओढून घेतला. हॉर्न वाजवला तेव्हा मुरलीच्या हातातला कप फुटला. मी मामंजींकडे पाहिलं. ते जीपभोवती एक फेरी मारून म्हणाले, छान दिसतीय. मामंजी कधी गिऱ्हाइकाला खोटं सांगत नाहीत, पण कपडा अंगाला बसलेला नसला की ते रंगाचं कौतुक करतात, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सोसले गावाच्या पुढे एक लहानसं गाव आहे. तिथल्या देवळाच्या रथाचं कापड दर वर्षी मामंजी शिवतात. लाल, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्या, झालरी, पताका, सगळ्याचं मिळून दोन गाद्यांएवढं गाठोडं होतं. मुहूर्त दुपारचा असतो. त्याआधी माणसं रथावर चढून कापड बांधतात, आणि कापड चढल्याशिवाय रथ हलत नाही. शेवटचा रस्ता कालव्याच्या कडेने, चिखलाचा. तिथे जीपच लागते. मामंजींना या कामात कधी उशीर झालेला नव्हता. त्यांच्या वडिलांनाही नाही.

त्या सकाळी आम्ही तिघं निघालो. मी चालवायला, शेजारी मामंजी, मागे गाठोडं आणि गाठोड्याच्या आधाराने सासूबाई. सोसल्यापर्यंत जीप लोण्यासारखी चालली. मी मामंजींना रिलेचे फायदे सांगत होते.

कालव्याच्या रस्त्याला लागल्यावर पहिला मोठा खड्डा आला. मग दुसरा. वळायचं म्हणून मी इंडिकेटर दिला, तर काचेवरचे वायपर अर्धे उठले आणि पुन्हा निजले. सासूबाईंनी मागून विचारलं, पाऊस आलाय काय म्हणून.

तिसऱ्या खड्ड्यानंतर मी ब्रेक दाबला आणि जोडहॉर्न वाजला. ब्रेक सोडला, तो थांबला. मी पुन्हा दाबून पाहिला. पुन्हा वाजला. खरं सांगायचं तर अजूनही वेळ गेलेली नव्हती. ब्रेक न दाबता हळूहळू जाता आलं असतं. पण समोरून म्हशी आल्या. म्हशी आल्या म्हणून मी ब्रेक दाबला, ब्रेक दाबला म्हणून हॉर्न वाजला आणि हॉर्न वाजला म्हणून म्हशी उधळून कालव्यात उतरल्या. म्हशींच्या मालकाने मला कन्नडमध्ये जे सांगितलं त्यातलं निम्मं मला समजलं, आणि उरलेल्या निम्म्याचा अर्थ सासूबाईंनी सांगायचं नाकारलं.

आता ब्रेक सोडला तरी हॉर्न थांबेना. आवाज असा, की मामंजींनी गाठोड्यातली एक पताका ओढून सासूबाईंच्या कानांना बांधली. मला वाटलं, एंजिन बंद केलं की सगळं शांत होईल. या जुन्या जीपला एंजिन बंद करायला एक मूठ ओढावी लागते. ती मी ओढली. एंजिन बंद झालं. हॉर्न चालूच राहिला. शेवटी फ्यूज उपटला तेव्हा थांबला. मग मी पुन्हा स्टार्टर दिला, तर एंजिनने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि त्या मुठीतून धूर यायला लागला. विझवायला म्हणून मी ती पकडली. चांगलीच पोळले.

डिझेलचं एंजिन एकदा सुरू झालं की विजेवाचून चालत राहतं. म्हणजे ज्या जीपला चालायला विजेची गरज नव्हती, ती मी माझ्या हाताने बंद केली होती आणि विजेवाचून आता ती सुरू होत नव्हती. मुहूर्ताला सव्वा तास होता. गाठोडं खांद्यावर घेऊन चिखलातून जाणं शक्य नव्हतं, पांढऱ्या पट्ट्या खराब झाल्या असत्या. मी आराखडा उघडून बसले. आराखड्यात सगळं बरोबर होतं. मामंजी सारखे देवळाच्या दिशेला पाहत होते. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मला तेव्हा पहिल्यांदा खरंच रडू आलं.

मग मामंजींनी बसप्पाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

मी त्याला सगळं सांगितलं, रिलेच्या नंबरांसकट. तो ऐकत राहिला. मग त्याने एकच प्रश्न विचारला, "अक्का, अर्थ कुठं दिला?" या धंद्यात अर्थिंगला अर्थच म्हणतात. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या विजेला परत जायची वाट. मी म्हटलं, गाडीचं सगळं लोखंडच अर्थ असतं, पुस्तकातही तसंच आहे.

"लोखंडाला लावला, का रंगाला?"

मी खाली वाकून पाहिलं. तुळतुळीत काळा रंग, तीन हात, आणि त्यावर माझे देखणे बोल्ट. अंगणात ते आट्यांच्या कडेने कसेबसे लोखंडाला टेकले होते. खड्ड्यांनी तेवढाही आधार सुटला. घरी परतायची वाट बंद झालेली वीज मिळेल त्या वायरीत, नको त्या रिलेत आणि शेवटी त्या मुठीच्या तारेत घुसत होती. बसप्पा म्हणाला, रंग खरवडा, लोखंड चमकलं पाहिजे.

खरवडायला काही नव्हतं. नव्या वायरिंगला हत्यारं लागणार नाहीत म्हणून मी पेटी घरीच ठेवली होती. मामंजींनी पिशवीतून त्यांची कात्री काढली. ही कात्री त्यांच्या वडिलांची. या कात्रीने कागद कापला म्हणून त्यांनी एकदा मुरलीला दिवसभर दुकानाबाहेर उभं केलं होतं. मी म्हटलं, ही नको, धार जाईल.

"धार लावता येतीय," मामंजी म्हणाले. "रथ थांबायचा नाही. खरवड."

मी चिखलात उताणी पडून त्या कात्रीने माझं तीन रविवारांचं काम खरवडलं. प्रत्येक बोल्टखाली लोखंड उघडं केलं. मामंजी वरून भिंगातून पाहून सांगत होते, अजून इकडे, स्वल्प अजून. स्टार्टर दिला. एंजिन सुरू झालं. आम्ही पोहोचलो तेव्हा चार माणसं रथावर चढून वाट पाहत बसली होती. कापड चढलं, मुहूर्त टळला नाही. गावातल्या एका म्हाताऱ्याने मामंजींना विचारलं, की यंदा एवढ्या लांबून वाजवत का आलात. मामंजी म्हणाले, सुनेला हौस.

दुसऱ्या दिवशी मी कात्री धार लावून आणली आणि मग जीप घेऊन बसप्पाकडे गेले. तो हसला नाही. त्याने मला टॉर्च धरायला दिली. तेव्हापासून रविवारी मी त्याच्याकडे जाते. दोन महिने टॉर्च धरली. मागच्या रविवारी त्याने मला पहिल्यांदा एकटीला बल्ब बदलू दिला. मुरलीने माझा बल्ब बदलतानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी लगेच लिहिलं, शेजारी पाण्याची बादली ठेवायला सांग तिला.

मी इंजिनिअर म्हणून खुलासा केला, की विजेच्या आगीवर पाणी घालायचं नसतं, वाळू टाकायची असते. संध्याकाळी घरी आले तर जीपच्या जागेशेजारी वाळूने भरलेली बादली होती. विजेच्या बाबतीत मी दिलेला एवढा एकच सल्ला आमच्या घरात आजवर जसाच्या तसा मानला गेला आहे.