गाडीखालचं पाणी

रोज सकाळी सव्वाआठला तुळसा अंगणातल्या गाडीत जाऊन बसायची. आधी चाकांना लावलेले दगड पायानं चाचपायची, मग आत बसून गिअरची दांडी मोकळी हलते ना ते बघायची, किल्ली फिरवायची आणि ए.सी.चं बटण दाबायची. गाडी कुठं जायची नसे. तुळसाला ती चालवताही येत नव्हती. दहा मिनिटं ती पदर सावरून स्टिअरिंगमागं बसून राही. थोड्या वेळानं गाडीच्या पोटाखालून पाणी ठिबकायला लागे आणि तिची तांबडी कोंबडी धावत येऊन त्या ओल्या मातीत चोच मारी.

गाडी तिच्या मुलाची, किशोरची. मुंबईत त्याच्या बिल्डिंगखाली ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यानं ती कुडपणला आणून उभी केली. रोज चालू कर, नाहीतर बॅटरी बसेल, ए.सी.पण लाव, एवढं शिकवून तो गेला. त्याआधी त्याचा फोन महिन्यातून एकदा यायचा, कधी तोही नाही. गाडी आल्यापासून साडेआठला रोज यायला लागला.

"लावलीस?"

"लावली."

"गार येतंय?"

"येतंय रे."

"बरं, ठेवतो."

अर्ध्या मिनिटाचं बोलणं. पण तुळसाचा सगळा दिवस त्याला टांगलेला असे. नवरा, रावजी, जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा डोंगरावर गाडीरस्ता नव्हता. मीठ, रॉकेल, सगळं पायथ्याच्या कापडे गावाकडून डोक्यावर घेऊन चढायचं. आता रस्ता झाला होता आणि त्या रस्त्यानं माणसं उतरून गेली होती. वाडीतल्या अकरा घरांपैकी चारच घरांतून धूर निघे.

शेजारची साळूबाई बांधावरून ओरडायची, "तुळसे, कुडपणात वारा कमी पडला काय गो? पेट्रोल जाळून वारा खातेस!"

"तुला नाय गार सोसायचं," तुळसा म्हणायची.

फाल्गुनात एका सकाळी कोंबडी गाडीखाली गेली, मान वाकडी करून थांबली आणि परत फिरली. तुळसानं खाली वाकून पाहिलं. माती कोरडी होती. आत ए.सी.च्या जाळीसमोर हात धरला. वारा येत होता, पण चुलीपुढं बसल्यासारखा कोमट.

तेवढ्यात फोन वाजला.

"गार येतंय?"

"येतंय," ती म्हणाली.

दिवाळीतच किशोर बोलला होता, "आता हिच्यात काय बिघडलं ना आये, तर विकूनच टाकणार मी." गाडी गेली की साडेआठला विचारण्यासारखं काही उरणार नव्हतं, हे तुळसाला न सांगता कळत होतं.

चार दिवस ती खोटं बोलली आणि चार दिवस स्वतः खटपट केली. पुढच्या जाळीतला पेंढा काठीनं काढला, कारण गाडी भाताच्या उडवीला लागूनच उभी असे. बॅटरीच्या तारा दाबून बघितल्या. समोरच्या कप्प्यामागं कायतरी गाळणी असते, हे किशोर एकदा काढताना तिनं पाहिलं होतं. ती ओढून काढली, तर उंदरानं तिथं संसार थाटलेला. गाळणी झटकून बसवली. वारा जोरात यायला लागला. गार मात्र नाही.

पाचव्या दिवशी तिनं मागच्या काचेवरच्या स्टिकरवरचा नंबर लावला. तो महाडच्या मुरादचा. कुवेतला गाड्यांचे ए.सी. दुरुस्त करून परतलेला माणूस.

"पंखा फिरतो म्हणता? ठीक. आता मावशी, एकानं आत बटण दाबायचं आणि दुसऱ्यानं बोनेटशी कान द्यायचा. टक् असा आवाज येतो का बघा. घरात दुसरं कोण आहे?"

तुळसानं बांधापलीकडं साळूबाईच्या घराकडं पाहिलं.

"हॅलो? मावशी?"

"बोलावते कुणालातरी."

साळूबाई हात पुसत आली, सीटवर बसून आरशात तोंड बघितलं. "दाबू? उडणार नाय ना गो गाडी?"

"दाब गो बये!"

तुळसानं कान दिला. टक् झालं नाही. तीनदा दाबून झालं.

"म्हणजे गॅस गेलाय," मुराद म्हणाला. "गॅस संपला की कॉम्प्रेसर लागतच नाही. आता पुढं हात लावू नका. कुणी डबीतला गॅस भरून देतो म्हणालं तरी नको. आधी गळती कुठं आहे ते बघायला हवं, आणि ते मशीन माझ्याकडं खाली आहे. मीच येऊन गाडी नेतो."

बुधवारी तो मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून वर आला. तुळसा पुढच्या सीटवर बसली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं ती गाडी चालताना आतून पाहिली. पोलादपूर मागं पडलं. महाडात चवदार तळ्याकडं वीस मार्चची गर्दी लोटली होती, म्हणून मुरादनं मागच्या रस्त्यानं गाडी गॅरेजात घातली.

बराच वेळ वाकून त्यानं एका पाइपच्या जोडावर बोट ठेवलं. "इथून जातोय. पण नवल आहे. गॅसबरोबर तेल झिरपतं, जोडावर काळा डाग धरतो. तो दिसला की कळतं. इथं तर ताटासारखं लख्ख!"

"मी पुसते ना," तुळसा म्हणाली. "दर शनिवारी. चिकट असतं. फडक्यानं पुसते आणि मग कुंकू लावते."

मुराद हसला नाही. "मावशी, तो डाग म्हणजे गाडी सांगत असते, इथं दुखतंय म्हणून. पुसत जाऊ नका."

जोडातली चकती बदलून, गॅस भरून संध्याकाळ झाली. गॅरेजच्या तीन पायऱ्या चढताना तुळसा मध्येच थांबली, खांब धरला. मुरादची बायको आमिना पाणी घेऊन आली होती. तिनं तुळसाकडं नीट पाहिलं.

"कधीपासून धाप लागते?"

"चढाची सवय हाय मला. असंच होतं."

"दवाखाना समोरच आहे. मी येते सोबत, दाखवून घ्या."

"पुढल्या खेपेला," तुळसा म्हणाली आणि ओठांवरचा घाम पदरानं पुसला. "गाडी झाली ना? सकाळी फोन येतो माझ्या मुलाचा."

रात्री मुरादनं तिला आणि गाडीला वर आणून सोडलं. त्यानंतर ती महाडला गेली नाही. शनिवारी बोनेट उघडून कुंकू लावी, फडकं मात्र बाजूला ठेवी.

चैत्र संपता संपता एका दुपारी साळूबाई विळा मागायला आली, तेव्हा तुळसा ओटीवर भिंतीला टेकून बसलेली होती. हाकेला उठली नाही. दिवसकार्याला आलेल्या माणसांनी किशोरला पुन्हा पुन्हा विचारलं, शेवटचं काय बोलली? छातीत कळ आली म्हणाली का? काही मागितलं का? तो मान हलवत राहिला. त्या सकाळीही त्यानं साडेआठला फोन केला होता. लिफ्टमध्ये शिरता शिरता, घाईत. त्यानं नेहमीचंच विचारलं होतं, गार येतंय का. आणि तुळसा गाडीतून खाली वाकून बघत असावी, कारण आवाज जरा लांबून आला होता.

"येतंय की. कोंबडी पाणी प्यायला लागलीय बघ खाली."